बोडिलच्या दिवाणखान्यातलं जाड झाड

"खालच्या फांद्या कापायच्या. विषय संपला," बोडिल म्हणाली. तिच्या हातात करवत होती आणि पायांत बागेतले गमबूट. ते घालूनच ती दिवाणखान्यात शिरली होती.

"संपला असता तर सकाळपासून तीनदा संपवावा लागला नसता," येप्पे झाडाच्या पलीकडून म्हणाला. तो कुणालाच दिसत नव्हता, इतकं झाड रुंद होतं.

"तू तर बोलूच नकोस. पोरीला निवडायला पुढे सोडलंस आणि स्वतः सॉसेज खात उभा राहिलास."

"एकच खाल्लं."

"मोहरी लावून. कोटाला अजून वास येतोय."

"झाड मी निवडलंय!" झाडाच्या आतून आवाज आला. आमची पाच वर्षांची लीवा बुंध्याला मिठी मारून जमिनीवर बसली होती. तिचे फक्त मोजे दिसत होते, एक निळा आणि एक पिवळा. "झाड कापलं तर मलापण कापावं लागेल."

"तशी वेळ आली तर बघू," तिची आजी म्हणाली.

ही आजी म्हणजे माझी सासू, बोडिल. येप्पे तिचा मुलगा, माझा नवरा. सासरे स्वेन गेल्यावर आम्ही तिच्या घरात राहायला आलो. तिची काळजी घेता येईल असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. आठवडाभरात कळलं, की ती आमची काळजी घेतेय असं ती सगळ्यांना सांगतेय.

आमच्या गावातली निम्मी माणसं बोडिलमुळे पोहतात. तिशीपासून साठीपर्यंत ती नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत होती. तिच्या गळ्यात शिट्टी असायची. ती निवृत्त झाली तेव्हा तलावावरच्या लोकांनी तिला फुलं दिली, खुर्ची दिली आणि शिट्टी परत मागितली. फुलं आणि खुर्ची तिनं घेतली, शिट्टी काही दिली नाही. घरात ती अजून वाजते. एकदा वाजली की जेवायला या, दोनदा वाजली की कुणाचा तरी बूट दारात आडवा पडलाय.

तिची शिकवायची पद्धतही गावात प्रसिद्ध होती. पहिल्या दिवशी ती एकाही मुलाला पोहायला लावायची नाही. कमरेइतक्या पाण्यात सगळ्यांना हातात हात धरून गोल करायला सांगायची आणि नुसतं चालायला लावायची. चालता चालता पाणीच फिरायला लागतं, आणि मग पाय उचलले तरी ते मुलांना ओढून नेतं. किंचाळत, हसत, नाकात पाणी जात मुलं फिरायची. "हात सोडायचा नाही!" बोडिल काठावरून ओरडायची. "ज्याचा हात सुटेल त्यानं बाहेर येऊन मला कारण सांगायचं!"

नाताळच्या संध्याकाळीही हेच. जेवणं झाली की झाडावरच्या मेणबत्त्या लावायच्या, दिवे मालवायचे, आणि घरातल्या सगळ्यांनी हात धरून झाडाभोवती गाणी म्हणत फिरायचं. म्हणून आमच्याकडे झाड कोपऱ्यात उभं करत नाहीत, खोलीच्या मध्यभागी करतात. शेवटच्या गाण्याला गोल सुटतो आणि तीच साखळी स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, न्हाणीघरातून घरभर पळते. पण त्याआधी गोल पुरा व्हायला हवा. बोडिल बाकी सगळं चालवून घेते. बटाटे जळले, बदक कोरडं झालं, कुणी चुकीचं कडवं म्हटलं, तरी ती हसेल. गोल अर्धा राहिला तर मात्र नाताळ झाला असं ती म्हणणार नाही.

"हे बघ, जागा होते की नाही?" येप्पेनं दुपारपर्यंत सोफा भिंतीला लावला, टेबल बोळात उभं केलं, स्वेनची आरामखुर्ची स्वयंपाकघरात नेली. स्वयंपाकघरात आता एका वेळी एकालाच उभं राहता येत होतं. "ऐसपैस गोल होईल."

"जागेचं कोण बोलतंय?" बोडिल म्हणाली.

"मग कशाचं बोलतेयस?"

"फांद्यांचं."

चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती दरवर्षी गावातल्या चारदोन घरांत होतेच. झाडाच्या शेतात, मोकळ्या आभाळाखाली, सगळीच झाडं बुटकी आणि गरीब दिसतात. लीवानं तिथे एकाला हात लावला आणि म्हणाली, हे एकटं आहे, हे घेऊ. येप्पेनं कापलं. शेतकऱ्यानं ते जाळीच्या नळीतून ओढून काढलं, तेव्हा ते छत्रीसारखं मिटून गेलं आणि गाडीच्या टपावर मुकाट्यानं बसून घरी आलं. दिवाणखान्यात उभं करून बोडिलनं जाळी कापली. आधी काहीच झालं नाही. मग एक फांदी सुटली, मग दुसरी, आणि आम्ही कॉफी पीत असताना झाड हळूहळू आळोखेपिळोखे देत रुंद होत गेलं. शेवटी त्यानं दिव्याची दांडी खिडकीकडे सरकवली.

गेली दोन वर्षं बोडिल झाड स्वतः आणायची. काटकुळं, पाठीचा कणा तेवढा शिल्लक राहिलेल्या माशासारखं. यंदा लीवानं हट्ट धरला म्हणून तिनं हा अधिकार सोडला होता.

"आधी सजवू," मी म्हटलं. "सजवून झाल्यावर ठरवा."

बोडिलनं करवत खिडकीत ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी.

सजावटीचे खोके माळ्यावरून आले आणि भांडण थोडा वेळ बसलं. मी आप्प्याच्या आकाराचे गोल गोड केक गरम केले, त्यावर पिठीसाखर भुरभुरली. ती लगेच लीवाच्या नाकावर, मग झाडावर गेली. लाल आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणून आम्ही छोटी हृदयं करतो. वरून उघडी असतात, आत सुकामेवा ठेवता येतो. लीवानं बालवाडीत विणलेली सतरा-अठरा पिशवीत भरून आणली होती. त्यातली काही हृदयं होती, काही मोजे होते, एक तर सरळसरळ बटाटा होता.

"हे कुणाचं?" बोडिलनं बटाटा उचलून विचारलं.

"तुझं."

"माझं हृदय असं दिसतं?"

"रागावल्यावर."

बोडिलनं ते उजेडात धरून नीट पाहिलं. "खरंय," ती म्हणाली. "इथे डावीकडे तो फुगवटा आहेच मला."

लीवा झाडाभोवती सरपटत होती आणि सगळी हृदयं खालच्या फांद्यांना बांधत होती. मला वाटलं तिचा हात तिथपर्यंतच पोचतो म्हणून. मग कागदी झेंड्यांची माळही तिनं खालीच गुंडाळली. गवताचा बोकड खाली, चंदेरी घंटा खाली, पुठ्ठ्याचे ढोल खाली. वरचा अर्धा भाग उघडा आणि खाली जत्रा भरलेली.

"वरही लाव की काहीतरी," मी म्हटलं.

"नको. वरच्या कुणी कापत नाही."

बोडिल खुर्चीवर चढून मेणबत्त्यांचे चिमटे लावत होती. ती थांबली. "काय म्हणालीस?"

"ज्या फांदीवर हृदय आहे ती कापता येत नाही," लीवा म्हणाली. "कायदा आहे."

"कुणाचा?"

"माझा. आत्ताच केला."

"येप्पे," बोडिल म्हणाली, "हिला वकील कर. गावात सध्या आहे तो झोपाळू आहे."

मेणबत्त्यांच्या बाबतीत मात्र बोडिल कुणाचा कायदा ऐकत नाही. प्रत्येक मेणबत्ती ताठ हवी आणि तिच्या डोक्यावर काही असता कामा नये. एकेका चिमट्यावर ती पंजा धरून बघते. खाली पाण्याची बादली आणि काठीला बांधलेला ओला स्पंज. लीवाला तिनं खांद्यावर घेतलं आणि सर्वांत वरच्या फांदीपाशी नेलं. लीवानं तारा खोचला. तो वाकडा बसला.

"सरळ करू?"

"राहू दे. तोही बघतोय झाड केवढं आहे ते."

दोघी हसल्या. मलाही वाटलं की आता करवतीचं कुणी नाव काढणार नाही. पण बोडिल खाली उतरली, हात पुसले आणि म्हणाली, "चला. गोल करून बघू."

आम्ही हात धरले. बोडिलचा डावा हात लीवाच्या हातात, लीवाचा दुसरा माझ्या, माझा येप्पेच्या. येप्पे झाडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आईकडे निघाला. त्याचा हात आला, बोडिलचा हात गेला, आणि दोघांच्या बोटांमध्ये चांगलं एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

"आत या सगळे," येप्पे म्हणाला. आम्ही आत सरकलो. झाडाचे काटे माझ्या कानात शिरले. गवताचा बोकड पडला.

"उद्या मेणबत्त्या पेटलेल्या असतील," बोडिल म्हणाली. "आत सरकलात तर डॉर्टेचे केस पहिले जातील."

डॉर्टे म्हणजे मी. मी बाहेर सरकले. जागा आणखी वाढली.

"मफलर धरू," लीवा म्हणाली. "एक टोक बाबांकडे, एक टोक आजीकडे."

"मफलर म्हणजे माणूस नव्हे."

"मग केरसुणी?"

"लीवा, केरसुणीचा हात धरून मी देवाची गाणी म्हणणार नाही."

कुणीच हात सोडले नव्हते. तेव्हा मला ती दोन काटकुळी झाडं आठवली, आणि येप्पेलाही आठवली असावीत, कारण तो एकदम आईकडे बघायला लागला. चार माणसांच्या हातांत मावतील अशी झाडं ती शोधून आणत होती. आम्ही तिला चिडवत होतो, की म्हातारपणी कंजूष झालीस. ती हो म्हणत होती.

"पूर्वी कशी मोठी असायची झाडं?" लीवानं विचारलं.

"पूर्वी स्वेन होता," बोडिल म्हणाली. "त्याचे हात वल्ह्यांसारखे होते."

"आणि?"

"आणि काही नाही."

आणि एगॉन होता. बोडिलचा मोठा भाऊ, येप्पेचा मामा, गोदीत होड्या रंगवणारा. लहानपणी त्यानंच बोडिलच्या कमरेला दोर बांधून तिला धक्क्यावरून पाण्यात टाकलं आणि पोहायला शिकवलं. ही गोष्ट तो दर नाताळला सांगायचा आणि दर नाताळला दोर अधिक लांब व्हायचा. तीन वर्षांपूर्वी त्याचं आणि बोडिलचं बिनसलं, तेही एका बदामावरून.

नाताळच्या जेवणाशेवटी आमच्याकडे तांदळाची गार खीर असते, तिच्यावर चेरीचा गरम रस. खिरीत चिरलेले बदाम असतात, पण अख्खा एकच. तो ज्याला मिळेल त्याला बक्षीस. ज्याला मिळतो तो सांगत नाही, गालात दडवून ठेवतो, आणि बाकीचे पोट फुटेपर्यंत खात राहतात. त्या वर्षी दोन वर्षांच्या लीवानं तोंडातून अख्खा बदाम काढून टेबलावर ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी एगॉननं गालातून दुसरा काढला. बोडिल उभी राहिली आणि म्हणाली, की तिनं एकच घातला होता, तेव्हा हा खिशातून आलाय. लहान पोरीचं बक्षीस मारायला निघालास, लाज वाटत नाही? एगॉननं रुमाल घडी केला, टोपी घातली आणि गेला. तो राहतो दोन गल्ल्या पलीकडे, पण तेव्हापासून हिच्या लेखी अमेरिकेत. स्वेनच्या अंत्यविधीला तो शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफी न पिता निघून गेला.

"हात सोडा," बोडिल म्हणाली. तिनं करवत उचलली. "दोन्ही बाजूंनी वीतभर. पोरी, हृदयं काढून दे. वर लावू परत."

लीवा रडली नाही, आणि तेच वाईट होतं. ती खाली बसली आणि पहिल्या हृदयाचा दोरा सोडवायला लागली. दोरा तिनं स्वतः बांधला होता, त्यामुळे सुटत नव्हता.

"थांब," येप्पे म्हणाला. "आई, थांब. करवत खाली ठेव आधी."

"का?"

"खाली ठेव, मग सांगतो."

बोडिलनं करवत खाली ठेवली नाही. येप्पेनं घसा साफ केला. "तो बदाम मी घातला होता."

"कुठला बदाम?"

"दुसरा. म्हणजे पहिला. लीवाच्या वाटीतला. तू खीर वाढत होतीस तेव्हा मी तिच्या वाटीत सरकवला. म्हटलं, लहान आहे, तिला मिळू दे. मामाला मिळालेला तुझाच होता. तुझा खरा."

खोलीत फक्त झाडाचा आवाज आला. एक फांदी अजून उघडत होती.

"तीन वर्षं," बोडिल म्हणाली.

"आधी तुम्ही दोघं ओरडत होता. मग तो निघून गेला. मग बाबा आजारी पडले. मग इतके दिवस झाले होते, की आता कसं सांगायचं तेच कळेना."

"तोंडानं सांगायचं!" बोडिलचा आवाज तलावावरच्या पट्टीत गेला. "तीन वर्षं मी त्या माणसाला मासळीच्या दुकानात पाठ दाखवतेय! पाठ दाखवून दाखवून मानेत लचक भरली माझ्या! तू मला तेल चोळून दिलंस, गाढवा, तेव्हा तरी बोलायचं!"

"मी बेचाळीस वर्षांचा आहे," येप्पे म्हणाला, "आणि मला अजून तुझ्या शिट्टीची भीती वाटते."

मला हसू आवरेना. मी झाडाच्या मागे गेले. ते त्या बाबतीत फार सोयीचं होतं.

"म्हणजे मला बक्षीस खोटं मिळालं?" लीवानं विचारलं.

"तुला काय मिळालं होतं आठवतं तरी का?"

"डुक्कर. बदामाच्या मिठाईचं. बाबांनी त्याचं डोकं खाल्लं होतं, फोटो आहे."

"वा," बोडिल येप्पेला म्हणाली. "पोरीचं डुक्करही खाल्लंस."

मग तिनं करवत जमिनीवर ठेवली. चिमट्यावर सांडलेलं जुनं मेण नखानं खरवडत राहिली. बटाट्यासारखं हृदय फांदीवर जिथल्या तिथे होतं, ते तिनं बोटानं जरा फिरवलं, फुगवट्याची बाजू पुढे येईल असं. बाहेर अंधार पडायला लागला होता आणि समोरच्या घरातल्या खिडकीत दिवे लागले होते.

"लीवा," ती म्हणाली, "टोपी घाल."

"कुठे जायचंय?"

"चालायला."

दोघी गेल्या. येप्पे आणि मी दारात उभं राहून त्यांना वळणापर्यंत बघत राहिलो. एक लांब आकृती, एक छोटी. छोटी अखंड बोलत होती. त्या गोदीच्या बाजूला वळल्या तेव्हा येप्पेनं माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली.

"तो दार उघडणार नाही," तो म्हणाला.

"उघडेल. ती तिथेच उभी राहून शिट्टी वाजवेल."

आम्ही आत आलो. करवत वाटेतून बाजूला ठेवली. पडलेला बोकड पुन्हा फांदीला लावला. येप्पेनं उरलेले सगळे केक खाल्ले. घाबरला की तो खातो. मी लाल कोबी शिजायला ठेवली. आरामखुर्चीमुळे मला शेगडीपाशी पोचायला खुर्चीवरूनच चढून जावं लागलं. कोबी शिजून तिचा आंबटगोड वास घरभर झाला तेव्हा बाहेरच्या खडीवर पावलं वाजली.

लीवा आधी शिरली. नाक लालभडक, टोपी एका कानावर. "एगॉनआजोबांकडे मांजर आहे! त्याला एकच डोळा आहे! आणि आजीनं दारातच सांगितलं!"

"काय सांगितलं?"

"तुझा बदाम खरा होता म्हणाली. मग ते म्हणाले, ते मला तेव्हाच माहीत होतं. मग आजी म्हणाली, मग तेव्हाच ओरडून सांगायचंस. मग ते म्हणाले, सांगणार कसा, तू बोलू देतेस का कुणाला. मग दोघं भांडले."

"भांडले?" येप्पे म्हणाला.

"हो. उभं राहून. मग बसून. मग त्यांनी मला बिस्किट दिलं आणि विचारलं, झाड किती जाड आहे. आजी म्हणाली, तू आल्याशिवाय मोजता येत नाही."

"मग?"

"मग ते म्हणाले, पोहायला मी शिकवलं आणि दोर फार लांब होता असं तू सगळ्यांसमोर म्हणायचं. आजी म्हणाली, तोकडा होता. मग परत भांडले. पण हसत."

बोडिल दारात उभी होती. तिनं कोट काढला नाही, गमबूटही काढले नाहीत. ती सरळ दिवाणखान्यात गेली, झाडाला एक फेरी मारली, आणि गळ्यातली शिट्टी एकदा वाजवली. आम्ही तिघंही आपोआप ओळीत उभे राहिलो.

"उद्या पाच माणसांचं जेवण आहे," ती म्हणाली. "एगॉन येतोय. खिरीत बदाम एकच, तो मी घालणार, आणि येप्पे खिरीच्या आसपासही फिरकणार नाही. करवत शेडमध्ये ठेवून या. झाड आहे तसं राहील."